मामंजींची गादी आणि रोहितचं कर्णधारपद



मागच्या वेळी दिवाळीच्या फराळाबद्दल लिहिलं होतं आणि आज एकदम क्रिकेट. तुम्ही म्हणाल, हिला झालं तरी काय. पण आमच्या घरात क्रिकेट असतंच. आयपीएलचा सामना साडेसातला सुरू होतो. आपल्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं उरकलेली, ओटा पुसून झालेला. इतर घरांत बायका पोळ्या लाटत असतात तेव्हा मी आणि सासूबाई टॉस बघायला मोकळ्या. लग्न होऊन ढाणकीला आले तेव्हा मला एलबीडब्ल्यू म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. आता मुलगा आणि त्याचे आजोबा भांडायला लागले की मी मध्ये बोलू शकते.

2025 च्या नोव्हेंबरात ते दोघं रवींद्र जडेजावरून भांडले. चेन्नईने जडेजाला राजस्थानला देऊन टाकलं, सोबत सॅम करनलाही दिलं, आणि बदल्यात संजू सॅमसन घेतला. यालाच ट्रेड म्हणतात. लिलाव नाही, बोली नाही, दोन संघ आपसांत बोलून खेळाडूंची अदलाबदल करतात. सासूबाई म्हणाल्या, "जुनी लुगडी घेऊन भांडं देणारी यायची, तसंच ना गं हे?" अगदी तसंच. दोन लुगडी गेली, एक पातेलं आलं.

चेन्नई 2025 मध्ये दहा संघांत दहावी आली होती, म्हणजे संघ नव्याने बांधायचा होता. जडेजा 36 वर्षांचा, संजू 31 चा. मुलाचं म्हणणं, हिशेब बरोबर आहे. मामंजींचं म्हणणं, ज्या माणसाने 2023 च्या फायनलला शेवटच्या दोन चेंडूंवर सिक्स आणि फोर मारून कप आणून दिला, त्याला असं देतात का? वाद वाढत चालला आणि मला दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर आठवला. तेव्हा दोघांच्या बाजू उलट होत्या.

15 डिसेंबर 2023. मुंबई इंडियन्सने जाहीर केलं की पुढचा कर्णधार हार्दिक पांड्या. रोहित शर्मा दहा वर्षं कर्णधार होता. 2013, 2015, 2017, 2019 आणि 2020 असे पाच कप त्याने मुंबईला मिळवून दिले. शिवाय जन्म नागपूरचा, म्हणजे आपल्या विदर्भातला, हे आमच्याकडे दर सामन्याला एकदा तरी निघतं. माझा मुलगा तेव्हा बारावीला होता. त्याने दप्तर फेकलं. रोहितचा फोटो असलेला टी-शर्ट घालून तो दोन दिवस घरभर फिरत होता, कोणाशी धड बोलत नव्हता. "एवढं सगळं करून दिलं त्याने, आणि यांनी त्याला न विचारता बाजूला केलं," हे वाक्य मी त्या दोन दिवसांत किती वेळा ऐकलं असेल.

आणि त्याच आठवड्यात आमच्या घरातही तसंच काहीतरी चाललं होतं. आज तेच सांगायला बसले आहे.

आमचं कापडाचं दुकान. मामंजींनी चाळीसेक वर्षं गादीवर बसून चालवलेलं. पांढरी गादी, दोन लोड, समोर थान उलगडायचं, गिऱ्हाईक पण गादीवरच मांडी घालून बसायचं. लग्नाचा बस्ता बांधायला आसपासच्या गावांतून घरचीच नाही तर भावकीतली माणसंही यायची, दहा-बारा जण. नवरीचा शालू, नवरदेवाचे कपडे, मामाचा आहेर, आत्याचं लुगडं, चुलत्यांचे धोतरजोडे. कोणाला किती मान द्यायचा हे मामंजींना त्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त माहीत. पैसे कापूस विकला की यायचे. कोणाचा कापूस यंदा बरा, कोणाची विहीर आटली, हे त्यांच्या वहीत नाही, डोक्यात.

पण गिऱ्हाईक बदललं. तरुण पोरं रेडिमेड मागायला लागली, उमरखेडला, नांदेडला जायला लागली. गादीवर चप्पल काढून बसायला कोणी तयार नाही. जीएसटी आला, बिलं कॉम्प्युटरवर करावी लागतात, मामंजींना ते जमत नाही आणि दिसतही नव्हतं. दोनदा हिशेबात मोठी चूक झाली. यांचं म्हणणं होतं की काउंटर करू, काचेची कपाटं करू, बाबांनी आता आराम करावा. म्हणणं चुकीचं नव्हतं. मी आजही म्हणेन की चुकीचं नव्हतं.

चूक वेगळी झाली. मामंजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नांदेडला गेले, पुढे दहा दिवस नणंदेकडेच राहिले. तेवढ्या दहा दिवसांत गादी काढली, लोड माळ्यावर टाकले, काउंटर बसवला, कॉम्प्युटर आला. ते नसतानाच उरकून घेऊ, समोर असले तर वाद होईल, असं यांना वाटलं. मुलगाही कामाला होता, रोहितचा टी-शर्ट घालून त्याने लोड उचलले. आणि मी? गादीची पांढरी खोळ मीच काढली, धुतली, घडी करून कपाटात ठेवली. नणंदेचा फोन यायचा तेव्हा मामंजी विचारायचे, "दुकान कसं आहे?" मी म्हणायचे, "छान चाललंय, तुम्ही डोळ्याला जपा." खोटं बोलले असं कोणी म्हणणार नाही. पण मला माहीत होतं मी काय बोलत होते.

ते आले, डोळ्यावर काळा चष्मा. एसटीतून उतरून आधी दुकानाकडेच गेले. पायरीवर उभे राहिले. यांनी नवीन फिरती खुर्ची पुढे केली. ते म्हणाले, "चांगलं झालंय," आणि घरी आले. त्यानंतर तीन आठवडे ते दुकानाकडे फिरकले नाहीत. रागावले नाहीत, जेवण टाकलं नाही, कोणाशी अबोला नाही. सकाळी मंदिर, मग घरात बसणं. मी ताट वाढायचे तेव्हा माझी मान वर होत नव्हती.

एका संध्याकाळी मुलगा पुन्हा रोहितचं सुरू झाला. "निदान त्याच्या तोंडून तरी जाहीर करायचं होतं ना!" मामंजी समोरच बसलेले. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, आजोबांच्या तोंडून जाहीर केलं होतंस का तू?" पोरगा एकदम गप्प. मामंजी उठून आत गेले. मला वाटलं, आता मी ते आणखी वाईट केलं.

तेव्हापासून मी रोहितचं प्रकरण जरा लक्ष देऊन बघायला लागले. खरं सांगते, आधी मीही रोहितच्याच बाजूने होते. पण मुलाकडून जुन्या गोष्टी विचारून घेतल्या तेव्हा वाटलं, मुंबईवाल्यांचा विचार अगदी वेडा नव्हता. 2020 नंतर तीन वर्षं कप नाही. 2022 मध्ये संघ तळाला. त्या हंगामात रोहितच्या 268 धावा, पुढच्या वर्षी 332. वय 36. उलट हार्दिक 30 चा, गुजरातला पहिल्याच वर्षी कप जिंकून दिलेला, दुसऱ्या वर्षी फायनलपर्यंत नेलेलं. आणि तो मूळचा मुंबईचाच, 2015 मध्ये 10 लाखांत घेतलेला पोरगा. घरचाच मुलगा बाहेर जाऊन शिकून परत आला, त्याच्या हातात कारभार दिला, यात वावगं काय? संघाचे महेला जयवर्धने म्हणालेही की पुढच्या काळाची तयारी म्हणून हे केलं.

मला खटकलं ते दुसरंच. याच घराला हे चांगलं करता येत होतं. रोहित कर्णधार झाला तो कसा? 2013 मध्ये रिकी पाँटिंग मुंबईचा कर्णधार होता. ऑस्ट्रेलियाला दोन वर्ल्ड कप जिंकून दिलेला माणूस. त्याच्या धावा होईनात. सहा सामन्यांनंतर तो स्वतः बाजूला झाला, संघातूनही बाहेर बसला, आणि 25 वर्षांच्या रोहितच्या हातात संघ दिला. निघून मात्र गेला नाही, बाहेर बसून मदत करत राहिला. त्याच वर्षी मुंबईचा पहिला कप आला. पुढे तोच पाँटिंग मुंबईचा कोच झाला आणि 2015 चा कपही आला. दुसरा पोलार्ड. 2022 च्या नोव्हेंबरात त्याने आयपीएल खेळणं थांबवलं आणि मुंबईने त्याला लगेच फलंदाजीचा कोच केलं. म्हणजे मोठ्या माणसाला उठवायचं आणि घरातच दुसरी जागा द्यायची, ही रीत त्यांच्याकडे होती. रोहितच्या वेळी लोकांना दिसलं ते एक पत्रक.

पुढे काय झालं ते तुम्ही टीव्हीवर बघितलंच असेल. 2024 च्या पहिल्याच सामन्यात, अहमदाबादला, हार्दिकने रोहितला सीमारेषेवर उभं राहायला पाठवलं. खेळात हे चालतंच, पण त्या दिवशी ते लोकांच्या डोळ्यांत खुपलं. आमच्याकडे सासूबाईंनी टीव्हीकडे बघून "बाई बाई" केलं. जिथे जाईल तिथे हार्दिकची हुर्यो, अगदी वानखेडेवरसुद्धा. तिथे टॉसच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. 14 पैकी 4 सामने जिंकले, मुंबई पुन्हा दहावी. मला तर त्या हार्दिकचीच कीव यायची. नवी सून घरात आली आणि सासूच्या हातची किल्ली तिच्या कमरेला लावली, तर गावातल्या बायका सुनेलाच बोलतात. किल्ली देणारे मात्र दिवाणखान्यात चहा पीत असतात.

एक गोष्ट मात्र मुलानेच दाखवली. कर्णधारपद गेल्यावर रोहितच्या धावा वाढल्या. 2024 मध्ये 417, 2025 मध्ये 418. डोक्यावरचं ओझं उतरलं की काय कोण जाणे.

आणि 29 जून 2024 ला बार्बाडोसला वर्ल्ड कपची फायनल. रोहित भारताचा कर्णधार, शेवटची ओव्हर हार्दिककडे, समोर 16 धावा हव्या. सात धावांनी जिंकलो. हार्दिक रडत होता आणि रोहितने त्याच्या गालाची पापी घेतली. आमच्या घरात तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते, सगळे जागे. मामंजी म्हणाले, "मोठा माणूस." एवढंच.

नंतर 2024 च्या ऑक्टोबरात खरा प्रश्न आला, रोहितला ठेवायचं की सोडायचं. प्रत्येक संघाकडे 120 कोटी. मुलाने मला कागदावर मांडून दाखवलं, कारण महिन्याचा हिशेब मी मांडते तसंच ते आहे म्हणाला. बुमराह 18, सूर्यकुमार 16.35, हार्दिक 16.35, रोहित 16.30, तिलक वर्मा 8. बेरीज बरोबर 75 कोटी. उरलेल्या 45 कोटींत अख्खा संघ. 37 वर्षांच्या माणसावर सोळा कोटी अडकवायचे की त्यात दोन-तीन तरुण घ्यायचे? बऱ्याच लोकांना वाटत होतं की रोहित जाणार. मुंबईने ठेवलं, तेही हार्दिकपेक्षा पाच लाखांनी कमी. आणि 2025 मध्ये एलिमिनेटरला गुजरातविरुद्ध त्याने 50 चेंडूंत 81 केल्या, त्याच बळावर मुंबई पुढे गेली. त्याच मे महिन्यात वानखेडेच्या एका स्टँडला त्याचं नाव दिलं, आईवडील समोर उभे होते. त्या हंगामात तो बरेचदा फक्त फलंदाजीला यायचा, क्षेत्ररक्षणाला नाही. त्याला ते चाललं. म्हणून मला वाटतं विकायला नकोच होतं, आणि कर्णधारपद काढलं तेही योग्यच. दोन्ही एकदम म्हटलं की मुलगा म्हणतो, आई, तू दोन्हीकडून बोलतेस. असू दे.

आमच्या दुकानाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. जानेवारीत बिटरगावकडची मंडळी बस्त्याला आली. अकरा माणसं काउंटरसमोर उभी, बसायला जागा नाही. म्हातारे पाहुणे म्हणाले, "काकाजी कुठं आहेत? ते आल्याशिवाय आमचा बस्ता बांधायचा नाही." यांनी घरी फोन केला नाही. स्वतः आले. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. "बाबा, चुकलं माझं. विचारायला हवं होतं." मामंजी थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला गल्ला नको होता रे. गल्ल्याने माझं डोकं उठत होतं. तू विचारलं असतंस तर मीच दिला असता."

मैत्रिणींनो, मी तिथेच ओट्याला धरून उभी राहिले. आम्ही दहा दिवस चोरासारखं जे काढून घेतलं, ते त्यांना द्यायचंच होतं. द्यायची संधी तेवढी आम्ही घेतली.

आता दुकानाच्या मागच्या खोलीत गादी आहे. खोळ मीच घातली पुन्हा. बस्ते आणि जुनी उधारी मामंजींकडे, पुढचा काउंटर यांच्याकडे. सगळं गोड झालं असं नाही. मागच्या लग्नसराईत दोघांचं भावावरून भर गिऱ्हाइकात वाजलं, कारण मामंजी अजूनही ओळखीवर सूट देतात आणि कॉम्प्युटरला ओळख समजत नाही. आणि पहिल्यासारखे ते सकाळी आठ वाजता लगबगीने निघत नाहीत, ते काही परत आलं नाही.

तर जडेजाचा वाद. चेन्नईचं मला थोडं वेगळं वाटतं. तिथे धोनीने 2022 मध्ये हंगामाच्या दोन दिवस आधी जडेजाला कर्णधार केलं होतं, आणि महिनाभरात जडेजाने ते परतही केलं. देणारा आपणहून देतोय, घेणारा आपलाच, तरी जमलं नाही. मग 2024 मध्ये आपल्या पुण्याच्या ऋतुराज गायकवाडला दिलं, तो 2025 मध्ये जखमी झाला, आणि पुन्हा 43 वर्षांचा धोनीच उभा. अशा घरात कोणाला तरी जावं लागणारच होतं. गेला जडेजा, 18 कोटींचा 14 कोटींवर आला. पण गेला कुठे? राजस्थानला, जिथे 2008 मध्ये तो 19 वर्षांचा असताना पहिला कप जिंकला होता. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे माहेरीच गेला की." मला तरी हा ट्रेड चालला. बारा हंगाम एका घरात काढून पोरगा जिथून सुरू झाला तिथे परतला.

मामंजींनी मुलाला विचारलं, "जडेजाला विचारलं होतं का त्यांनी?"

"हो आजोबा. बोलून ठरवलं दोघांनी."

"मग माझं काही म्हणणं नाही," असं म्हणून त्यांनी चॅनल बदललं. मुलगा बघतच राहिला, दोन दिवस कशाला भांडलो म्हणून.

तो आता बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीत दुकानात बसतो. परवा जेवताना त्याने यांना विचारलं, "पप्पा, यंदा सुरतच्या खरेदीला मी एकटा जाऊ का?" हे म्हणाले, "अजून एक वर्ष जाऊ दे. तुला माल कळत नाही." मुलगा काही बोलला नाही. मामंजींनी भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्याकडे बघून हळूच हसले. मी भाजी वाढायला उठले.